लग्नाच्या पंगतीतले अनोळखी

राव सर,

तुमच्या मुलाने पेपरात तुमच्या निधनाची जाहिरात दिली, तीत तुम्ही केंद्र सरकारच्या सांख्यिकी विभागातून निवृत्त झालात असं छापलं आहे. त्याचा काही दोष नाही. तुम्ही घरी तेच सांगत आलात आणि तुमच्या घरातली माणसं विश्वास ठेवणारी. तेराव्याला काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आकड्यांचं काम करतों म्हणून सांगत. मज नवलच वाटे. नातवाला पाढे शिकवतांना ह्यांचं सात सक्कं चुके." मी म्हटलं, "काकू, ऑफिसात त्यासाठी मशीन असायचं." त्यांना पटलं. खोटं बोलायला तुम्हीच शिकवलंत, पण ते तुमच्याच स्वयंपाकघरात उभं राहून बोलावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा रडले का, तर नाही. तुम्हाला याचं वाईट वाटायचं कारण नाही. आपल्या खोलीत कुणीच रडत नसे, आणि मी तर तुमच्यावर चिडलेली होते. माणूस गेल्यावर राग कुठे ठेवायचा हे कुणी शिकवत नाही. मी तो आवडी स्टेशनवरून रोजच्या गाडीत बरोबर घेऊन येते आणि संध्याकाळी तसाच परत नेते.

या रागाचं कारण तुम्हाला माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण मधला एक तुकडा तुम्ही माझ्यापासून लपवलात आणि तो मला आता कळला आहे.

नवऱ्याला आवडी इथल्या संरक्षण कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून मद्रासला आले. तुम्ही शेवटपर्यंत मद्रासच म्हणालात, त्यामुळे माझ्याही तोंडात तेच बसलं. गुप्तवार्ता खात्याची परीक्षा दिली आणि तुमच्या शेजारच्या टेबलावर येऊन बसले. दहशतवाद्यांच्या मागावर असणारं ऑफिस म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय काय होतं! प्रत्यक्षात ओल आलेली भिंत, कुरकुरणारा पंखा आणि डब्यातला दहीभात कालवणारे तुम्ही. लोकांचं ऐकायचं, त्यांना विचारायचं आणि नीट लिहायचं, एवढंच आपलं काम. बंदूक मी आजतागायत हातात धरलेली नाही. तुम्ही म्हणे प्रशिक्षणात एकदा उडवलीत आणि दोन दिवस कान धरून बसलात.

तुमची मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी तोंडावर पदर धरून हसले होते. पूर्वजांनी तंजावरला नेली तशीच्या तशी, वर तमिळची फोडणी. "काय मा, जेवलीस कीं इल्लै?" माझ्या मराठीला तुम्ही रेडिओची मराठी म्हणायचात. पण महाराष्ट्रातून इकडे नोकरीला आलेल्या कुणाचं काही निघालं की कागद आपल्याच दोन टेबलांवर यायचे, कारण बाकी सगळ्या मजल्यावर मराठीचं अक्षर कुणाला येत नव्हतं.

दोन नियम तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलेत. एक, बातमी देणाऱ्या माणसाचं नाव पोटात ठेवायचं. साहेबाला नाही, नवऱ्याला नाही, शेजारच्या टेबलालाही नाही. कागदावर नुसता क्रमांक. दुसरा नियम तुम्ही तुमच्या भाषेत सांगायचात: "एक बोलला तर त्या गप्पा. दोघे वेगळाले बोलले तर मग खबर." एकट्याच्या सांगण्यावरून कुणाच्या दारात पोलीस पाठवायचे नाहीत. दोन्ही नियम चांगलेच होते. मी नंतरच्या नव्या मुलींनाही तेच शिकवले. दोन चांगले नियम एकमेकांच्या पायात पाय घालून माणसाला पाडू शकतात, हे मात्र आपल्याला इरफानच्या वेळी समजलं.

इरफानचं आडनाव लिहीत नाही. सोलापूरकडचा, सत्तावीस वर्षांचा, ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. माझा बातमी देणारा माणूस एका लॉजचा मॅनेजर होता. त्याने मला सांगितलं की हा पोरगा एका शनिवारआड येऊन राहतो, पिशवीत टायमर, वायरी, बॅटऱ्या असतात, आणि खोलीवर वेगवेगळी माणसं येऊन जातात. मी लिहून दिलं. आठवड्याने तुमच्या माणसाने, ज्याचं तिकीट बुकिंगचं दुकान होतं, तुम्हाला तेच सांगितलं. तुम्ही तुमच्या पद्धतीने विचारलंत, "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस?" तो हो म्हणाला. तुम्हीही लिहून दिलंत. वर साहेबांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी आले. दोन अधिकारी, दोन क्रमांक, एकच बातमी. साहेब खूश झाले. आपणही झालो, हे कबूल करायला हवं. तुम्ही त्या दिवशी डब्यातला मैसूरपाक मला अर्धा तोडून दिलात.

मग तीन आठवडे मी त्याचा फोन ऐकला. तो आईशी बोलायचा. घरात स्वयंपाकाचा नवा ओटा घालायचा होता आणि आईचे गुडघे दुखतात म्हणून तो किती उंच करावा यावर मायलेकांचा रोज वाद. आई म्हणायची माझ्या कमरेला लागेल एवढाच कर, तो म्हणायचा उद्या घरात सून आली आणि उंच निघाली म्हणजे? मी कागदावर लिहिलं, संशयास्पद काही नाही. साहेबांनी समासात लिहिलं, फार सावध दिसतो. काही सापडलं असतं तर तो अडकला असता. सापडलं नाही तर आणखीच अडकला. तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही चष्मा पुसत होतात.

नऊ दिवस त्याला आत ठेवलं. पिशवीतले टायमर कारखान्याने भंगारात काढलेले होते. तो ते दुरुस्त करून शेतातल्या मोटारींसाठी विकायचा. खोलीवर येणारे ते मोटारींचे मेकॅनिक. दहाव्या दिवशी सोडला, तेव्हा कारखान्याच्या गेटवर त्याचा पास घेतला नाही. ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा भरला होता.

आपण चुकलो एवढं समजलं, पण कसे चुकलो हे समजायला माझ्या माणसाच्या मुलीचं लग्न व्हावं लागलं. बातमी देणारा माणूस लग्नाला बोलावतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही, हा आपल्या धंद्यातला जुना रिवाज. चारचौघांत तो माझी ओळख विमा कंपनीतल्या मॅडम म्हणून द्यायचा. मी जरीची साडी नेसून, आहेर घेऊन गेले. पंगतीत बसले, केळीचं पान मांडलं, मान वर केली, तर समोरच्या ओळीत तुम्ही. कपाळाला गंध, रेल्वेतून निवृत्त झालेले कुणी रंगनाथन म्हणून. तुमच्या शेजारी तुमचा माणूस कौतुकाने वाढप्यांना हाका मारत होता, आणि माझा माणूस मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगत होता, हे माझे मेव्हणे, ह्यांच्यावाचून माझं पान हलत नाही.

बाहेर भेटलो तर ओळख दाखवायची नाही, हेही तुम्हीच शिकवलेलं. आपण सांबारभात खाल्ला, रसमभात खाल्ला, पायसम खाल्लं, आणि एकदाही एकमेकांकडे बघितलं नाही. रोज एक हात अंतरावर बसणारी दोन माणसं. एकाने एकदा जरी विचारलं असतं की तुमचा माणूस कोण, तर इरफान ओरगडमला कामावर असता. पण विचारायचं नाही हाच तर शहाणपणा. मेव्हण्याने जेवताना मेव्हण्याशी गप्पा मारल्या, आणि आपण दोघांनी मिळून त्यांची खबर केली.

दुपारी नुंगंबाक्कम स्टेशनच्या बाकावर तुम्ही माझी वाट बघत होतात. तेवढं एकदाच तुमचा चेहरा पडलेला बघितला. म्हणालात, "दोन नव्हेत मा. एकच होता. एकाच्याच गप्पा आम्ही दोन कागदांवर लिहिलों." मी म्हटलं, "मग उद्या तसं लिहून देऊ." तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो तुम्ही गेलात तरी संपला नाही.

वाद साधा होता. आपल्या संशयितांच्या यादीत एकदा चढलेलं नाव कुणी आपणहून उतरवत नाही. ते उतरवायचं तर अहवाल लिहिणाऱ्या दोघांनी चूक लिहून द्यायची, आणि दोन क्रमांकांमागचा माणूस मुळात एकच आहे हे सिद्ध करायला दोन्ही नावं लखोट्यात बंद करून वर पाठवायची. माझ्या माणसाचं नाव द्यायला मी तयार होते. तुम्ही तयार नव्हतात. का, तेही एकदाच सांगितलंत. तरुणपणी तुम्ही असंच एक नाव लखोट्यात घालून दिलं होतं. लखोटा कुठे फुटला ते कळलं नाही, पण आठवड्याच्या आत त्या माणसाचं दुकान जळालं आणि विझवताना त्याचा हात गेला. "लखोट्याला डिंक असतो मा, कुलूप नसतें," असं म्हणालात. पण मला ते पटलं नाही.

कारण भोगत होता इरफान. स्वातंत्र्यदिन आला की, कुणी मोठा माणूस शहरात यायचा झाला की, दोन शिपाई त्याच्या दारात उभे राहायचे. चाळीतल्या लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आखातात नोकरी मिळाली होती, त्यासाठी लागणारा पोलिसांचा दाखला अडकला. दर वेळी वरून आपल्या टेबलावर विचारणा यायची, हे नाव यादीत सापडलं, काय म्हणणं आहे? आणि उत्तराचं ठरलेलं वाक्य होतं: पूर्वीचा अहवाल कायम. ते वाक्य मी टाइप करायची, सर. तुम्ही निवृत्त होऊन मोकळे झालात, मी मात्र ते टाइप करत राहिले. दोन वर्षांपूर्वी माझा लॉजवाला वारला, त्याच्यापुरती भीती संपली. राहिलं ते एकटं तुमच्या माणसाचं नाव.

दर महिन्याला पार्क स्टेशनला गाडी बदलून मी तुमच्या नुंगंबाक्कमच्या घरी यायची. काकूंना वाटायचं, केवढा गुरुशिष्यांचा जिव्हाळा. त्या काफी करायला आत गेल्या की आपण भांडायचो, तेही दबक्या आवाजात. मी म्हणायची, तुमचा माणूस खोटं बोलला होता, न बघता बघितलं म्हणाला, त्याला कशाला पाठीशी घालता? तुम्ही म्हणायचात, "खोटं बोलला म्हणून काय तो मजवर विश्वास ठेवला तें गेलं?" हे उत्तर मला तोंड बंद करायला दिल्यासारखं वाटायचं. आणि मार्चमध्ये, आपल्या शेवटच्या भेटीत, मी म्हटलं, "सर, तुम्ही नियमाच्या मागे लपताय. तुम्ही भित्रे आहात." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "काफी निवते आहे मा. पिऊन टाक." मी न पिता उठले, आणि पुन्हा आले नाही.

तेराव्याला तुमच्या घरी एक म्हातारा आला. कमरेला पांढरी वेष्टी, हातात पेपरची घडी. तुमच्या फोटोला नमस्कार करून बराच वेळ उभा राहिला, मग सरळ माझ्याकडे आला. मी ओळखलं. तो तुमचा माणूस होता. तुमचं खरं नाव त्याला पेपरातल्या फोटोखाली वाचून कळलं होतं. तमिळमध्ये बोलला, मी मराठीत लिहिते.

"विमावाल्या मॅडम ना?"

मी हो म्हटलं. सवय.

"लग्नातच समजलं होतं मला," तो म्हणाला. "समोरासमोर बसून दोन माणसं जेवणभर एकमेकांकडे इतकी न बघता जेवत नाहीत. अनोळखी असती तरी एकदा बघितलं असतं."

बघा सर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपल्याला वाटलं आपण केवढे पट्टीचे नट.

मग त्याने सांगितलं ते ऐकायला तुम्ही हवे होतात, किंवा नको होतात. मला ठरवता येत नाही. तुम्ही त्याच्याकडे गेला होतात. निवृत्तीनंतर आपल्या माणसाचं तोंडही बघायचं नाही, हा नियम तुम्ही मला शिकवलात, आणि स्वतः तीनदा मोडलात. पहिल्यांदा निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत. दुसऱ्यांदा माझा लॉजवाला वारल्यावर. तिसऱ्यांदा या वर्षी पोंगल झाल्यावर. तिन्ही वेळा त्याच्या दुकानात स्टुलावर बसून विचारलंत, तुझं नाव लिहू का? तो पोरगा निर्दोष आहे. तिन्ही वेळा तो नाही म्हणाला.

"एकदाही रागावले नाहीत," म्हातारा म्हणाला. "मी नाही म्हटलं की सरी, ठीक आहे, म्हणायचे आणि उठायचे. तिसऱ्यांदा जाताना मला म्हणाले, तू नाही म्हटलंस हे मी कुणाला सांगणार नाही. मला तेव्हा हसू आलं. यात सांगण्यासारखं काय आहे?"

मला हसू आलं नाही. कारण ते तुम्ही मला सांगितलं असतं, तर मी गेले असते त्याच्या दुकानात. उभी राहिले असते, आवाज चढवला असता, इरफानच्या आईबद्दल बोलले असते, त्याला रडवून हो म्हणायला लावलं असतं. तुम्ही मला ओळखून होतात. त्याचा नकार माझ्या हाती पडू नये म्हणून तुम्ही माझ्याकडून भित्रा म्हणवून घेतलंत. मार्चमध्ये मी तो शब्द वापरला तेव्हा तुम्ही त्याच्याकडे तीनदा जाऊन आला होतात. राव सर, मी चुकले. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, ते राहिलं. तुमच्या बाजूचं मला अजूनही सगळं पटलेलं नाही, हेही सांगून ठेवते. इरफानची इतकी वर्षं गेली, ती तुमच्या विश्वासाच्या शब्दाने भरून येत नाहीत. पण भित्रे तुम्ही नव्हतात.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "मग आता का आलात?"

त्याने पेपरची घडी या हातातून त्या हातात घेतली. "तिसऱ्या वेळेनंतर माझं मन मला खायला लागलं. मेव्हण्याने सांगितलेलं मी माझं म्हणून खपवलं होतं, साहेबांनी मला मोठा समजावं म्हणून. बायको गेली, मुलगी सिंगापूरला, दुकान विकलं. आता माझं कोण काय जाळणार? मी ठरवलं, साहेब चौथ्यांदा आले की हो म्हणायचं. रोज दारात खुर्ची टाकून बसायचो. वाटलं, इतक्या वेळा आला माणूस, येईलच. ते आलेच नाहीत."

तिथे मला रडू आलं. काकूंना वाटलं तुमच्या आठवणीने आलं, आणि ते खोटं नव्हतं. त्या मला पाणी देत होत्या आणि म्हातारा अवघडून बाजूला उभा होता.

सोमवारी मी त्याच्याकडून लिहून घेतलं. लखोट्याला डिंक असतो, कुलूप नसतं, हे तुमचं वाक्य त्याला दोनदा सांगितलं, मगच सही घेतली. लखोटा टपालात न टाकता स्वतः नेऊन दिला. नोट दीड पानाची झाली. दोन स्रोत नव्हते, एकच होता. शेजारी बसणाऱ्या दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांना विचारलं नाही. साहेब आता नवे आहेत, वयाने माझ्या भाच्याएवढे. त्यांनी वाचून विचारलं, "मॅडम, यावर तुमच्या सेवापुस्तकात शेरा बसेल, माहीत आहे ना? आणि रावांच्याही, गेल्यानंतर." मी म्हटलं, "माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं." खाली दोन सह्यांची जागा होती. तुमच्या जागी काय लिहायचं विचारलं, तर म्हणाले, "एक्स्पायर्ड लिहा." मी लिहिलं आणि शेजारी माझी सही केली.

आज सकाळी इरफानच्या नावावर पुन्हा विचारणा आली, पंधरा ऑगस्ट जवळ आला म्हणून. नोटेवर वरून अजून काही उत्तर नाही, पण मी थांबले नाही. पूर्वीचा अहवाल चुकीचा होता, असं टाइप करून पाठवलं. साहेबांनी ते वाचलं आणि सही करून वर पाठवलं. इरफानला यातलं काही कळणार नाही. तुमचं नाव नाही, माझं नाही, त्या म्हाताऱ्याचं तर नाहीच. पंधरा ऑगस्टला तो नेहमीसारखा सकाळीच शर्ट घालून, ओळखपत्र खिशात ठेवून दाराकडे बघत बसेल. आणि दुपार झाली तरी कुणी येणार नाही.